नोकरी सोडलीच नव्हती: अडकलेल्या प्रसूती लाभाचं एक प्रकरण

३१ मे २०२३ हा बुधवार होता. त्या दिवशी ती पनवेलजवळच्या एका कारखान्यात सकाळच्या पाळीला हजर होती. गुरुवारीही होती. पुढे सात महिने, कंपनीच्या बसची पायरी चढवेनाशी होईपर्यंत, रोज होती. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, संगणकात मात्र तिने त्या बुधवारी नोकरी सोडली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, हर्णैच्या बाजूच्या एका वाडीत, आणि प्रसूती लाभाची, म्हणजे बाळंतपणाच्या रजेतल्या पगाराची, सव्वा लाखाच्या वर रक्कम त्या एका तारखेपायी अडून बसली होती.

मी बावीस वर्षं मुंबईत पगारपत्रकं केली आणि निवृत्त होऊन दापोलीला आले. इथे लोकांना हळूहळू कळलं की बाईंना पीएफ-ईएसआयमधलं कळतं, तेव्हापासून ओट्यावर कुणी ना कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेलं असतं. हिची आई अशीच आली, मार्चच्या सुरुवातीला. बंदरावर मासळी विकणारी बाई, लिलाव आटपून तशीच आली होती. पिशवीतून कागद काढताना म्हणाली, "बाई, जावई चार वेळा जाऊन आला. तो म्हणतो हे द्यायचे नाहीत, हे म्हणतात ते देतील. माझ्या पोरीचा पगार नक्की कुणाकडे आहे तेवढं बघा."

तिने प्रश्न बरोबर विचारला होता. त्याचं बरोबर उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातले दोन माझ्या चुकीने गेले.

हकीकत

मुलगी बीएस्सी झालेली. १ एप्रिल २०२३ ला गुणवत्ता तपासणी विभागात लागली, पगार २०,४०० रुपये. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपयांची (अपंग कामगारांसाठी २५,०००), त्यामुळे ती योजनेत आली. तिच्या पगारातून पाऊण टक्का कापला जायचा, कंपनी स्वतःचे सव्वातीन टक्के घालायची. दोन महिन्यांनी तिला कायम केलं आणि १ जूनपासून पगार २१,८०० झाला. घरात पेढे वाटले. कंपनीच्या पगार विभागाने त्याच महिन्यापासून तिचं ईएसआय कापणं बंद केलं.

८ जानेवारी २०२४ पासून ती रजेवर गेली. डॉक्टरांनी तारीख १९ फेब्रुवारीची दिली होती. निघताना एचआरच्या मुलीने सांगितलं, पगार ईएसआय देईल, तिकडे फॉर्म १९ भरा. सातव्या महिन्यातलं ओटीभरण सासरी झालंच होतं. जानेवारीच्या मध्याला नवरा तिला रेल्वेने खेडला आणि तिथून एसटीने दापोलीला पोहोचवून गेला.

मग तो ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेला. खिडकीवरच्या माणसाने विमा क्रमांक घातला, पडदा वाचला आणि म्हणाला, "यांनी मे महिन्यात नोकरी सोडलीय. हप्ते एकसष्ट दिवसांचे आहेत. सत्तर लागतात."

नवरा कंपनीत गेला. कंपनी म्हणाली, नोकरी कुठे सोडलीय, ती आमच्याकडेच आहे. पण पगार एकवीस हजारांच्या वर गेला म्हणून ईएसआयमधून बाहेर काढली. मग पैसे तुम्ही द्याल का? तर नाही, कारखान्याला ईएसआय लागू आहे, तेव्हा प्रसूतीचे पैसे ईएसआयनेच द्यायचे. पुन्हा शाखेत. तिथे तेच वाक्य. अशा चार खेपा झाल्या, त्यात त्याचे स्वतःचे सहा खाडे पडले. (खाजगी कंपनीत बाप झालेल्या माणसाला रजा द्यायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवस मिळतात. याला मुलगी झाल्याच्या दिवशीही खाडाच लागला.)

१६ फेब्रुवारीला मुलगी झाली. फेब्रुवारीतच आईने बचत गटातून तीस हजार उचलले, महिना दोन टक्क्यांनी. म्हणजे दर महिन्याला सहाशे रुपये नुसतं व्याज. तिचा बाप बोटीवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ते दोन महिने घरात येणारा पैसा जवळजवळ थांबतो. तेव्हा आमच्यापुढे कायद्यातली मुदत नव्हती, ३१ मे होती. योगायोगाने तीच तारीख, फक्त वर्ष पुढचं.

माझी चूक

पगार एकवीस हजारांच्या वर म्हटल्यावर मी पुढचं बघितलंच नाही. जुनी सवय. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात ५-ब कलम होतं: कारखान्याला ईएसआय लागू असला तरी जिचा पगार मर्यादेच्या वर आहे आणि जिने अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलंय, तिला लाभ मालकाने द्यायचा. हिचे ऐंशीच काय, अडीचशेच्या वर दिवस भरत होते. मी ४ मार्चला कंपनीला खरमरीत पत्र लिहून दिलं. प्रसूतीपूर्वीच्या आठवड्यांचे पैसे आगाऊ द्यायचे असतात, उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत, हेही घातलं. पत्र लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होते.

कंपनीचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. दोन ओळींचं, आणि त्यातली दुसरी ओळ बरोबर होती: तुमच्या कर्मचारी जानेवारी ते जून २०२४ या काळात ईएसआयच्या लाभाला पात्र असू शकतात, आधी तिथे दावा करा.

हे लिहिणाऱ्याला ते खरंच कळलं होतं की नुसती टोलवाटोलवी होती, देव जाणे. पण मला कॅलेंडर काढावं लागलं.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं. एप्रिल ते सप्टेंबर हप्ते भरले, तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्यांचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे आज भरलेल्या हप्त्याचं फळ काही महिन्यांनी पिकतं. फेब्रुवारी २०२४ मधल्या बाळंतपणासाठी बघायचं ते एप्रिल ते सप्टेंबर २०२३ कडे आणि त्याच्या आधीच्या सहामाहीकडे. दोन्ही मिळून सत्तर दिवस. हिची ही पहिलीच नोकरी, त्यामुळे आधीची सहामाही कोरी.

दुसरी गोष्ट मला पाठ असायला हवी होती. पगार सहामाहीच्या मध्येच मर्यादेच्या वर गेला, तर माणूस त्या दिवशी योजनेबाहेर पडत नाही. ईएसआय कायद्याच्या २(९) कलमात स्पष्ट होतं की ती सहामाही संपेपर्यंत तो कर्मचारीच धरायचा. जूनमध्ये पगार वाढला, तरी ३० सप्टेंबरपर्यंत कापणं चालू ठेवायला हवं होतं, आणि तेही पूर्ण २१,८०० वर. ऑक्टोबरपासून ती बाहेर.

तसं झालं असतं तर एप्रिल-मेचे ६१ आणि जून ते सप्टेंबरचे १२२, मिळून १८३ दिवस. सत्तरच्या अडीचपटीहून जास्त.

कंपनीने कापलं ६१ दिवसांचं. नऊ दिवस कमी पडले. जूनमधले पहिले नऊ दिवस जरी नोंदले असते तरी हे प्रकरण माझ्या ओट्यावर आलं नसतं.

तो रकाना

पण हप्ते थांबवले एवढ्याने "नोकरी सोडली" असं कसं दिसतं? हे कळण्यासाठी दर महिन्याचा भरणा करणारा कारकून काय करतो ते बघावं लागतं. मी स्वतः ते केलंय म्हणून सांगते.

दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचा भरणा करायचा असतो. पोर्टलवर सगळ्या कामगारांची यादी येते, प्रत्येकापुढे दिवस आणि पगार भरायचा. एखाद्याचे दिवस शून्य असतील तर कारण निवडावं लागतं: रजेवर, संपावर, नोकरी सोडली, निवृत्त, मृत्यू, व्याप्तीबाहेर, अशी कारणं ठरलेली. पगारमर्यादा ओलांडणाऱ्यासाठी "व्याप्तीबाहेर" हे कारण आहे. पण ते एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांच्या भरण्यातच लागू पडतं, कारण सहामाही तेव्हाच सुरू होते. मधल्या महिन्यात ते निवडलं तर पुढच्या महिन्यात नाव यादीत परत हजर.

आता तुम्ही तो कारकून आहात असं समजा. जूनमध्ये "व्याप्तीबाहेर" टाकलं. जुलैचा भरणा करताना नाव पुन्हा आलं. तीनशे नावांची यादी, तारीख चौदा, पोर्टल गोगलगायीसारखं चाललंय. दुसरं एक कारण आहे, जे निवडल्यावर नाव कायमचं जातं: "नोकरी सोडली". शेवटचा कामाचा दिवस विचारतं, टाका ३१ मे. नाव गेलं, काम झालं.

पोर्टल जेव्हा पुन्हापुन्हा नाव दाखवत होतं, तेव्हा ते त्याला खरं तर सांगत होतं की बाबा, हिला अजून काढायचं नाही. त्याने ते यंत्राचा हट्ट समजून मोडून काढलं. मला त्याचा राग येत नाही. मीही नोकरीत असताना असे हट्ट मोडले असतील; त्यातून कुणाचं काय अडलं हे मला कधी कळलं नाही एवढंच.

खिडकीवरचा माणूसही चुकला नव्हता. त्याच्या पडद्यावर जे होतं ते त्याने वाचलं. दोन्हीकडची माणसं आपापल्या पडद्यापुरती खरी होती, म्हणून जावयाला चार खेपांत काही सापडलं नाही. तो दर वेळी "पैसे कधी मिळणार" हे विचारत होता. "तुमच्याकडे माझ्या बायकोच्या नावापुढे काय लिहिलंय, त्याचा कागद द्या" असं विचारलं असतं, तर पहिल्याच खेपेत ३१ मे ही तारीख हाताला लागली असती. अडलेल्या पैशाच्या मागे कुणाची खोड असते त्यापेक्षा चुकीचा भरलेला रकाना असतो, असा माझा अनुभव आहे. रकाना सापडेपर्यंत भांडू नये, हे मी दुसऱ्यांना सांगते. या वेळी मीच आधी भांडले.

पुरावा कुठला चालला

मेनंतरही ती कामावर होती हे दाखवायचं होतं. हजेरीची नोंद कंपनीकडे. नेमणुकीचं पत्र होतं, पण त्याने ती लागली एवढं सिद्ध होतं, टिकली हे नाही. पगाराच्या स्लिपा व्हॉट्सॲपवर आलेल्या होत्या; चांगल्या, पण त्या कंपनीच्याच.

सगळ्यात वजनदार निघालं ते पीएफचं पासबुक. जून ते डिसेंबर २०२३, दर महिन्याला त्याच कंपनीकडून तिच्या खात्यात १,८०० रुपये जमा, तिच्या वाट्याचे. एका सरकारी संगणकात तिने मेमध्ये नोकरी सोडली होती, दुसऱ्यात तीच बाई, तीच कंपनी, डिसेंबरपर्यंत कामावर. ते पान छापून घ्यायला पाच रुपये लागले. पीएफमध्ये शेवटची तारीख कुणी टाकली नाही हे आमचं नशीब.

ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारकाला स्वतः आत जाऊन आपले हप्ते आणि पात्रता बघता येते. दहा आकडी विमा क्रमांक लागतो आणि नोंदवलेला मोबाइल. इथे तिचा मोबाइल म्हणून सासऱ्यांचा नंबर दिलेला होता, ते पनवेलला. मग फोनवर ओटीपी विचारून घेण्याचा एक कार्यक्रम झाला. सासरे आकडे वाचून दाखवायच्या आत मुदत संपायची. तिसऱ्यांदा जमलं.

नावाचाही घोळ होताच. ईएसआयमध्ये सासरचं नाव, बँकेत माहेरचं. हा घोळ मी प्रत्येक दुसऱ्या मुलीत बघते. लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि रद्द केलेला धनादेश आधीच जोडून ठेवला, म्हणजे शेवटी शेवटी नवीन शंका निघायला नको.

जन्माचा दाखला उशिरा आला तो घरच्यांमुळे. बारसं झाल्यावर नावासकट काढू, असं ठरलं होतं. आणि बारसं एका सोयरामुळे पुढे गेलं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि ती नावाशिवाय होते. नाव मागाहून घालता येतं, बारा महिन्यांच्या आत तर विनाशुल्क. ईएसआयला बाळाचं नाव लागतच नाही, आईने बाळाला जन्म दिला हे लागतं. नोंद मुदतीत झाली होती, दाखला तेवढा आणायचा राहिला होता. मी आईला जरा ओरडले. ती म्हणाली, "नाव नसलेला कागद पोरीच्या नावाने घरात आणायचा, बरं वाटत नाय ओ." यावर काय बोलणार.

दोन पत्रं, एकाच दिवशी

२० मार्चला दोन पत्रं रजिस्टर पोचपावतीने गेली. एक कंपनीला, एक ईएसआयच्या शाखेला, आणि प्रत्येकाच्या खाली दुसऱ्याला प्रत. आधीच्या पत्रातला खरमरीतपणा काढून टाकला. एकच पान, त्यात तारखा: नोकरी सुरू, पगारवाढ, सहामाहीचा शेवट, रजा सुरू, बाळंतपण. खाली तीन मुद्दे.

शाखेला: नियमात सत्तर दिवसांचे हप्ते "देय" असावेत असं आहे, "भरलेले" असावेत असं नाही. मालकाने भरायला कुचराई केली म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर कायद्याच्या ६८ व्या कलमाने ईएसआय महामंडळ लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं. सोबत पीएफ पासबुक.

कंपनीला: जून ते सप्टेंबरचे हप्ते भरा आणि "नोकरी सोडली" ही नोंद दुरुस्त करून घ्या.

आणि दोघांना: हा लाभ एक तर ईएसआयने द्यायचा आहे किंवा ५-ब प्रमाणे कंपनीने. दोन्हीकडून घ्यायची आमची इच्छा नाही. दोन्हीकडून नाही, असं मात्र कायद्यात कुठेच नाही.

ते शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला प्रथमच वाटलं की आता काहीतरी हलेल.

हललं, पण उलट्या दिशेने. मार्चअखेर एचआरचा फोन थेट मुलीला आला. फार गोड आवाजात. म्हणे, उगाच पत्रव्यवहार कशाला, तुम्ही ३१ मे २०२३ तारखेचा राजीनामा सही करून पाठवा, म्हणजे आमची नोंद जुळेल. तुम्ही जुलैमध्ये परत याल तेव्हा नव्याने घेऊ, पगारही थोडा वाढवू.

ती सही करणार होती. सव्वा महिन्याचं बाळ, रात्रीची झोप नाही, आणि समोरून कुणीतरी म्हणतंय की हे सगळं एका सहीत मिटेल. कागद छापूनही आणला होता भावाने. तिने मला फक्त एवढ्यासाठी फोन केला की तारीख इंग्रजीत लिहू का मराठीत.

त्या सहीने काय झालं असतं? चुकीची नोंद खरी झाली असती. ६१ दिवस हे ६१ दिवसच राहिले असते आणि ईएसआयचा दावा संपला असता. मेमध्ये नोकरी सोडलेल्या बाईला कंपनीकडेही ५-ब खाली काही मागता आलं नसतं. जुलैमध्ये परत घेतील याला आधार फक्त त्या गोड आवाजाचा. प्रसूती लाभाच्या काळात कामगाराला काढता येत नाही, हे ईएसआय कायद्याचं ७३ वं कलम मालकाला बांधत होतं. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला ते कसं वाचवणार? मी त्याच संध्याकाळी एसटीने तिच्या घरी गेले. तो कागद आईने चुलीत घातला. मी तो ठेवून घ्यायला हवा होता, पुरावा म्हणून. लक्षात आलं तेव्हा राख झाली होती.

सहाशे छप्पन्न रुपये

शाखेतून पत्राला उत्तर आलं नाही. ईएसआयमध्ये तक्रारी समोरासमोर ऐकायला महिन्यातून एकदा "सुविधा समागम" भरतो. एप्रिलमधल्या समागमाला जावई गेला, हातात ते एक पान आणि पासबुक. तिथल्या अधिकारीबाईंनी पान वाचलं, दोन मिनिटं पडदा बघितला आणि खिडकीवरच्या त्याच माणसाला बोलावून म्हणाल्या, "पगार कधी वाढलाय बघा की. सप्टेंबरपर्यंत चालू पाहिजे होतं." तिथल्या तिथे कंपनीला फोन झाला. जावई सांगतो, फोनवरचा कंपनीचा माणूस "हो मॅडम" सोडून काहीच बोलला नाही.

मग कंपनीने हिशेब केला. चार महिन्यांचे हप्ते: कामगाराचे दरमहा १६४ प्रमाणे ६५६ रुपये, मालकाचे ७०९ प्रमाणे २,८३६. एकूण ३,४९२ रुपये, वर उशिराचं बारा टक्के व्याज, तेही तीनशेच्या आतच. एवढ्यासाठी सव्वा लाख चार महिने अडले होते.

आणि कंपनीने मुलीला निरोप धाडला की तुमचे ६५६ रुपये पाठवून द्या.

मी म्हटलं, द्यायचे नाहीत. कामगाराचा वाटा ज्या महिन्याचा असेल त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो. तेव्हा कापला नाही, तर तो मालकाने सोसायचा. ईएसआय कायद्याच्या ४० व्या कलमात तसं होतं. जावई म्हणाला, "आत्या, साडेसहाशे रुपयांसाठी परत कुठे अडवता, देऊन टाकतो." त्याचं चुकत नव्हतं. बचत गटाचं व्याज सहाशे होतं, एका महिन्याची दिरंगाई म्हणजे तेवढेच गेले. मी अडून बसले असते तर तत्त्व जिंकलं असतं आणि घर हरलं असतं. त्याने पाठवले. मी अजूनही मनातून नाराज आहे, पण निर्णय त्याचा होता आणि पैसेही त्याचे.

६ मेला कंपनीने भरणा केला. नंतर काही दिवस शाखेत कुणी जागेवर नव्हतं: ७ मेला आमच्याकडे, १३ मेला पनवेलकडे मतदान. निवडणुकीची ड्युटी लागलेला कारकून परत येईपर्यंत नोंद दुरुस्त झाली नाही. पूर्ण कागदपत्रांसह दावा आल्यावर प्रसूती लाभाचा पहिला हप्ता चौदा दिवसांत द्यावा, असं ईएसआयच्या विनियमांत होतं. आम्ही ते वाक्य लिहून १५ मेला एक स्मरणपत्र दिलं. खरं सांगायचं तर ते वाक्य घालायची मला थोडी धाकधूक होती. नुकतेच सरळ झालेले लोक पुन्हा वाकडे व्हायचे. झाले नाहीत.

हिशेब असा झाला. सहामाहीतला एकूण पगार १,२८,०००, भागिले १८३ दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे ७०० रुपये. लाभ पूर्ण दराने, २६ आठवड्यांचा, रविवार धरून १८२ दिवस, ८ जानेवारी ते ७ जुलै. एकूण सुमारे १ लाख २७ हजार. त्यातले २२ मेपर्यंतच्या १३६ दिवसांचे सुमारे ९५ हजार ३० मेला खात्यात आले. उरलेल्या ४६ दिवसांचे जुलैत. बचत गटाचे तीस हजार दुसऱ्याच दिवशी फेडले, त्या दिवशी बाप शेवटची फेरी मारून बोट वर ओढायच्या कामात होता.

उशिराबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही, आणि घरात कुणी तशी अपेक्षाही केली नव्हती.

एक सावधगिरीची गोष्ट. वर मी जी कलमं सांगितली ती तेव्हाची आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ईएसआयचा १९४८ चा व प्रसूती लाभाचा १९६१ चा, हे दोन्ही कायदे तिच्यात गेले. सव्वीस आठवडे, ऐंशी दिवस, अठ्ठेचाळीस तास हे आकडे टिकले, पण कलमांचे क्रमांक बदलले आणि "पगार" कशाला म्हणायचं याची व्याख्याही बदलली. भत्ते फुगवून मूळ पगार लहान दाखवण्याला त्यात आळा आहे. त्यामुळे मर्यादेच्या आत कोण आणि बाहेर कोण हे नव्याने मोजावं लागतं. माझं पत्र कुणाकडून मिळालं तर त्यातल्या तारखांची मांडणी घ्या, कलमं उतरवू नका.

ती ८ जुलैला कामावर रुजू झाली. बाळ सासूकडे.

ऑगस्टमध्ये मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. कंपनीतला तोच कारकून, ज्याने ३१ मे टाकली होती. नंबर त्याने तिच्याकडूनच घेतला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मॅडम, मी जुन्या याद्या काढून बघितल्या. त्या वर्षी पगारवाढीत मर्यादेबाहेर गेलेल्या अजून तिघी आहेत. मी सगळ्यांना तसंच काढलंय." त्यातल्या दोघी कामावर होत्या, त्यांचं काही अडलं नव्हतं. तिसरीने डिसेंबरमध्ये नोकरी सोडली होती, आणि तिला एप्रिलमध्ये मुलगा झाला असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. दावा करायला बारा महिने असतात का, हे त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, असतात, पण तिला हे सांगितलंय का?

तिचा नंबर बंद लागतो, म्हणाला. गाव गुहागरकडचं कुठलंसं आहे, एवढंच माहीत होतं त्याला.